काल्पनिक रोग आणि खरा रोगी : मोलिएरचे जीवन

१

नसलेल्या रोगाने पछाडलेला मनुष्य हा विनोदाचा फार जुना विषय आहे. औषधांच्या बाटल्यांची रांग समोर मांडून तिच्याकडे समाधानाने पाहणारा, स्वतःच्या नाडीवर बोट ठेवून दिवस काढणारा, आणि कोणी प्रकृती चांगली दिसते असे म्हटले तर मनातून दुखावला जाणारा गृहस्थ कोणत्या समाजात आढळत नाही? युरोपीय साहित्यात या गृहस्थाला कायमचे रूप आणि नाव मिळाले ते १६७३ साली, पॅरिसमध्ये. नाटकाचे नाव 'ल मालाद इमाजिनेर', म्हणजे काल्पनिक रोगी; त्याच्या नायकाचे नाव आर्गाँ; आणि नाटक लिहून आर्गाँची भूमिका स्वतः करणारा नट-नाटककार म्हणजे मोलिएर. आर्गाँचा रोग खोटा होता. मोलिएरचा रोग खरा होता, आणि नाटकाच्या चौथ्या प्रयोगानंतर काही तासांतच त्याचा मृत्यू झाला.

ही घटना इतकी विलक्षण आहे की मोलिएरच्या चरित्रातील बाकीचे सर्व तिच्या छायेत झाकोळून जाते. तिच्याकडे दैवाची क्रूर थट्टा म्हणून पाहण्याची सवय चरित्रकारांना जडली. परंतु मोलिएरचे एकावन्न वर्षांचे आयुष्य क्रमाने पाहिले असता निराळी गोष्ट ध्यानात येते. रोगभ्रम हा त्याला शरीराचा विषय वाटलाच नाही. मनुष्य आपल्या शरीरावरील, घरावरील आणि विवेकावरील अधिकार दुसऱ्याच्या हाती आपण होऊन का देतो, हा प्रश्न त्याच्या नाटकांतून पुन्हा पुन्हा येतो. काल्पनिक रोग्याचे नाटक हे त्या प्रश्नाचे शेवटचे रूप होय.

२

मोलिएरचे मूळ नाव झाँ-बाप्तिस्त पोक्लँ. १५ जानेवारी १६२२ रोजी पॅरिसमधील सँ-त्युस्ताश या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. वडील झाँ पोक्लँ हे गाद्या, पडदे आणि बैठकींचे सामान करणारे सधन व्यापारी. १६३१ साली त्यांनी राजाच्या खासगीतील याच कामाचे मानाचे पद मिळविले आणि ते वंशपरंपरेने थोरल्या मुलाकडे जावे अशी तजवीज केली. पुढच्याच वर्षी मुलाची आई मारी क्रेसे वारली. तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. त्याचे शिक्षण जेझुइटांच्या क्लेरमाँ विद्यालयात झाले आणि नंतर त्याने कायद्याचा अभ्यास केला, असे परंपरा सांगते. घरची पेढी, राजदरबारातील पद, हाती विद्या : सुस्थित नागरिकाला आणखी काय हवे असते?

१६४३ साली या तरुणाने ते पद सोडून दिले. त्याच वर्षीच्या ३० जून रोजी माद्‌लेन बेजार ही नटी, तिची भावंडे आणि इतर काही जण यांच्याबरोबर त्याने एका करारावर सही केली. 'इल्युस्त्र तेआत्र' ही नाटकमंडळी त्या करारातून जन्माला आली. नटाचा धंदा त्या काळच्या फ्रान्समध्ये किती हीन मानला जात असे हे लक्षात घेतल्यावाचून या निर्णयाचे मोल समजणार नाही. पॅरिसमधील चर्चच्या नियमाप्रमाणे नटाने आपल्या व्यवसायाचा त्याग केल्याखेरीज त्याला संस्कार मिळत नसत आणि ख्रिस्ती विधीने दफनही मिळत नसे. वीस-एकवीस वर्षांच्या पोक्लँने घराण्याचे नाव बाजूस ठेवले, आणि १६४४ पासून 'मोलिएर' ही सही कागदपत्रांत दिसू लागली. हे नाव त्याने का निवडले याचा खुलासा त्याने कोणाजवळ केला नाही.

मंडळी फार दिवस तगली नाही. १६४५ साली मेणबत्त्यांचे आणि इतर सामानाचे देणे थकल्यामुळे मोलिएरला शातले येथील तुरुंगात काही दिवस काढावे लागले. बाहेर आल्यावर त्याने आणि बेजार कुटुंबाने पॅरिस सोडले. पुढील तेरा वर्षे ही मंडळी दक्षिण आणि पश्चिम फ्रान्समधील गावांतून फिरत होती. गावोगाव बिऱ्हाड हलविणाऱ्या मराठी नाटक मंडळ्यांचा इतिहास ज्यांना परिचित आहे, त्यांना या भटकंतीचे स्वरूप निराळे सांगावयास नको. कधी सरदाराचा आश्रय, कधी टेनिसच्या अंगणात उभारलेला मंच, कधी रिकामा गल्ला. काँतीचा राजपुत्र हा त्यांचा काही काळ आश्रयदाता होता. परंतु तो धर्मनिष्ठेच्या मार्गास लागला, त्याने नाटकमंडळीचा आश्रय काढून घेतला, आणि पुढे तो रंगभूमीचा कडवा विरोधक झाला. एका माणसाने आपले मन धर्मोपदेशकाच्या हाती देणे म्हणजे काय, हे मोलिएरने येथे अगदी जवळून पाहिले.

३

२४ ऑक्टोबर १६५८ रोजी मोलिएरच्या मंडळीने लूव्हर राजवाड्यात चौदाव्या लुईपुढे प्रयोग केला. आरंभी कॉर्नेयचे 'निकोमेद' हे गंभीर नाटक झाले आणि त्याने फारसा प्रभाव पडला नाही. त्यानंतर मोलिएरने राजाची परवानगी घेऊन आपला एक छोटा फार्स सादर केला. 'ल दोक्तर आमुरो', म्हणजे प्रेमात पडलेला पंडित, हे त्याचे नाव. त्याची संहिता आज उपलब्ध नाही. राजा हसला, आणि त्या हसण्यावर मंडळीला पॅरिसमध्ये जागा मिळाली. आरंभी ही जागा इटालियन नटांबरोबर वाटून घ्यावी लागली. त्या नटांचा प्रमुख स्कारामूश म्हणून प्रसिद्ध असलेला तिबेरिओ फिओरिली हा होता. चेहऱ्याने, पावलांनी आणि मौनाने हसविण्याची जी कला मोलिएरजवळ पुढे दिसली, तिचे पुष्कळसे श्रेय या शेजाराला द्यावे लागेल.

१६५९ मधील 'ले प्रेसिअझ रिदिक्यूल' या एकांकी प्रहसनाने त्याचे नाव झाले, आणि १६६१ पासून पाले-रोयाल हे रंगमंदिर त्याचे कायमचे घर बनले. १६६२ साली त्याने आर्माँद बेजार या आपल्याहून सुमारे वीस वर्षांनी लहान असलेल्या नटीशी विवाह केला. त्याच वर्षाच्या अखेरीस 'लेकोल दे फाम' आले. एका मुलीला अज्ञानात वाढवून तिच्यावर कायमची सत्ता गाजवू पाहणाऱ्या प्रौढ पुरुषाची ही फजिती पाहून पॅरिस हसले आणि चिडलेही. १६६४ च्या नोव्हेंबरात मोलिएरचा पहिला मुलगा लुई दहा महिन्यांचा असताना वारला. राजा स्वतः त्याचा धर्मपिता होता.

त्याच वर्षी मे महिन्यात व्हर्सायच्या उत्सवात 'तार्त्यूफ' सादर झाले आणि त्यावर बंदी आली. ही बंदी पूर्णपणे उठण्यास १६६९ च्या फेब्रुवारीपर्यंत वाट पाहावी लागली. या नाटकातील ढोंगी धर्मात्म्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु नाटकाचा खरा केंद्रबिंदू त्याला घरात आणणारा ओर्गाँ हा गृहस्थ होय. तो मूर्ख नाही, दुष्ट नाही. घराचा कर्ता पुरुष आहे. आपल्या आत्म्याच्या काळजीने तो इतका ग्रासलेला आहे की मुलगी, मालमत्ता आणि विश्वासाने ठेवायला दिलेले कागद हे सर्व तो एका परक्याच्या स्वाधीन करतो. ओर्गाँ आणि आर्गाँ या दोन नावांतील साम्य कानाला जाणवते, आणि त्यामागील नाते त्याहून जवळचे आहे. एकाला नरकाचे भय, दुसऱ्याला मृत्यूचे. एक आत्मा गहाण टाकतो, दुसरा शरीर. दोघेही आपल्या मुलीचा विवाह आपल्या भयाच्या सोयीने ठरवितात. 'तार्त्यूफ'च्या पाच वर्षांच्या झगड्याने मोलिएरला एक गोष्ट शिकविली असावी : धर्मपीठावर बोट ठेवले तर रंगमंदिराला कुलूप लागते, वैद्यपीठावर ठेवले तर राजा हसतो.

४

त्या वैद्यपीठाची स्थिती समजून घेणे अवश्य आहे. पॅरिसच्या विद्यापीठातील वैद्यकशाखा ही अत्यंत प्रतिष्ठित आणि तितकीच जुनाट संस्था होती. लांब झगा, टोकदार टोपी, लॅटिनमधील वादविवाद आणि हिपोक्रातिस-गॅलेन यांच्या वचनांचे पाठांतर यांवर तेथील विद्या उभी होती. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त या चार द्रवांचे संतुलन म्हणजे आरोग्य, हा तिचा सिद्धान्त. त्रिदोषांची कल्पना ज्याच्या परिचयाची आहे अशा भारतीय वाचकाला तो फारसा परका वाटणार नाही. उपचार मुख्यतः तीन : शीर तोडून रक्त काढणे, जुलाब देणे आणि बस्ती देणे. 'हायपोकाँड्रिया' हा शब्दही याच शास्त्रातला. ग्रीक भाषेत तो बरगड्यांच्या खालच्या मऊ भागाचा वाचक आहे. तेथे साचलेल्या काळ्या पित्ताच्या वाफा मेंदूत चढतात आणि मनुष्य उदास व शंकेखोर होतो, अशी समजूत होती. म्हणजे रोगभ्रम हा स्वतःच एक रोग मानला जाई आणि त्यावरही जुलाबच दिला जाई.

विल्यम हार्वे याने रक्ताभिसरणाचा शोध १६२८ साली प्रसिद्ध केला होता. पॅरिसच्या वैद्यपीठातील मोठ्या गटाने तो अनेक दशके नाकारला. काल्पनिक रोग्याच्या नाटकात तोमा दियाफ्वारुस हा तरुण वैद्य या अभिसरणवाद्यांच्या विरोधात लिहिलेला आपला प्रबंध वाङ्‌निश्चयाच्या भेटीत नियोजित वधूला नजर करतो. हा विनोद कल्पित नव्हता. त्या काळच्या पॅरिसमधील प्रेक्षकांना त्यातील बातमी कळत होती.

वैद्यांवरील मोलिएरचा पहिला मोठा हल्ला म्हणजे सप्टेंबर १६६५ मधील 'लामूर मेदसँ'. त्यातील वैद्यांना त्याने ग्रीक धातूंवरून नावे दिली : एक कापणारा, एक भुंकणारा, एक शब्द लांबवीत बोलणारा. राजदरबारातील कोणते वैद्य त्यांत चितारले आहेत हे दरबारात सर्वांना ठाऊक होते. १६६६ च्या ऑगस्टात 'ल मेदसँ मालग्रे लुई' आले. त्यात एका लाकूडतोड्याला काठीने बडवून वैद्य बनविले जाते आणि झगा चढताच त्याची विद्या सर्वमान्य होते. १६६९ मधील 'मस्य द पूर्सोन्याक' मध्ये धडधाकट पाहुण्याला दोन वैद्य मिळून रोगभ्रमाचा रोगी ठरवितात. आपण आजारी नाही असे तो जितके आग्रहाने सांगतो, तितके त्याचे आजारपण त्यांच्या दृष्टीने सिद्ध होत जाते. हसत हसत पाहिलेले हे दृश्य विचाराअंती भयंकर वाटू लागते.

वैद्यांची टर उडविणे ही काही मोलिएरची एकट्याची गोष्ट नव्हे. संस्कृत प्रहसनांत शंखधराच्या 'लटकमेलक'मधला जंतुकेतु आणि जगदीश्वराच्या 'हास्यार्णव'मधला व्याधिसिंधु हे त्याच जातीचे वैद्य आहेत. यम केवळ प्राण नेतो आणि वैद्य प्राणांबरोबर धनही, हा सुभाषितकारांचा आवडता टोमणा होता. मात्र या परंपरेत विनोदाचे लक्ष्य वैद्याचे अज्ञान हे असते. मोलिएरही तेथूनच निघाला. परंतु तो हळूहळू वैद्याकडून रोग्याकडे वळत गेला, आणि हे वळण त्याच्या स्वतःच्या प्रकृतीशी निगडित आहे.

५

१६६५ च्या अखेरीस मोलिएर गंभीर आजारी पडला आणि रंगमंदिर काही आठवडे बंद ठेवावे लागले. १६६७ मध्ये पुन्हा तेच झाले. छातीचा विकार जडला होता आणि खोकला कायमचा झाला होता. त्याने तो लपविला नाही. खोकला भूमिकेतच घातला. १६६८ मधील 'लाव्हार'चा कंजूष नायक आर्पागाँ खोकतो आणि त्यावर नाटकात विनोदही होतो, याचे कारण तो नायक मोलिएर करीत होता. अंगातील व्याधीला धंद्यातील भांडवल करण्याचा हा प्रकार नटाशिवाय दुसऱ्या कोणाला सुचणे कठीण.

तो वैद्यांचा शत्रू होता असेही म्हणता येत नाही. वैद्यपीठाचा प्रमुख राहिलेला मोव्हिलँ हा त्याचा वैद्य आणि मित्र होता. 'तार्त्यूफ'वरील बंदी उठली त्याच दिवशी मोलिएरने या मित्राच्या मुलाला धर्मपद मिळावे म्हणून राजाकडे अर्ज केला. हा वैद्य सांगेल ते औषध मोलिएर घेत नसे आणि म्हणून बरा होत असे, अशा आशयाची एक आख्यायिका प्रचलित आहे. तिची सत्यता काहीही असो, दोघांचा स्नेह मात्र खरा होता. मैत्री ठेवावी आणि विवेक गहाण टाकू नये, हा त्याचा व्यवहार होता.

विरोधकांनी त्याच्या आजारपणाचे हत्यार केले. १६७० साली ल बुलांझे द शाल्युसे या लेखकाने 'एलोमीर इपोकाँद्र' हे नाटक प्रसिद्ध केले. 'एलोमीर' म्हणजे मोलिएर या नावातील अक्षरांची उलटापालट. आणि वैद्यांनी घेतलेला सूड असे उपशीर्षकही नाटकाला होते. त्यात मोलिएर हा खोकल्याच्या भयाने वैद्यांच्या दारोदार हिंडणारा रोगभ्रमी मनुष्य दाखविला आहे. म्हणजे ज्याला खरा रोग होता त्याला काल्पनिक रोगी ठरवून पॅरिसपुढे हास्यास्पद करण्याचा हा यत्न होता. या आरोपाला उत्तर देण्याचे मार्ग मोलिएरला मोकळे होते. आपण खरोखरच आजारी आहोत असे तो जाहीरपणे सांगू शकला असता. त्याने तसे केले नाही. तीन वर्षांनी त्याने काल्पनिक रोग्याची भूमिका आपण होऊन अंगावर घेतली.

मधली वर्षे दुःखाची होती. १७ फेब्रुवारी १६७२ रोजी माद्‌लेन बेजार वारली; इल्युस्त्र तेआत्रच्या आरंभापासून ती त्याच्याबरोबर होती. त्याच वर्षी संगीतकार ल्युलीने राजाकडून संगीतनाट्याचा एकाधिकार मिळविला आणि पूर्वीचा हा सहकारी मोलिएरचा प्रतिस्पर्धी झाला. नव्या नाटकाचे संगीत मार्क-आंत्वान शार्पांतिए या तरुण संगीतकाराकडे सोपवावे लागले. सप्टेंबरात जन्मलेला मुलगा पिएर ऑक्टोबरात गेला. तीन अपत्यांपैकी एस्प्री-माद्‌लेन ही एकच मुलगी मागे राहिली. अशा स्थितीत 'ल मालाद इमाजिनेर' लिहिले गेले, आणि त्यात शोकाचा एक शब्दही नाही.

६

नाटकाचा पडदा उघडतो तेव्हा आर्गाँ एकटाच बसून औषधविक्याची बिले तपासीत असतो. गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात औषधे आणि बस्ती कमी झाल्या, म्हणून प्रकृती ढासळली, असा त्याचा हिशेब. हा मनुष्य औषधांच्या किमतीत घासाघीस करतो, पण औषधांविषयी शंका घेत नाही. त्याला मुलगी आंजेलिक हिचा विवाह वैद्याशी लावावयाचा आहे, कारण घरात जावई वैद्य असला म्हणजे सोय झाली. दुसरी बायको बेलीन त्याला कुरवाळते आणि मृत्युपत्राची वाट पाहते. पुर्गाँ नावाचा वैद्य, एक बस्ती नाकारल्याच्या अपराधाबद्दल, त्याला एकाहून एक भयंकर अशा पोटाच्या विकारांचा क्रमवार शाप देतो. तो शाप ऐकून आर्गाँ बहिष्कृतासारखा कोसळतो. वैद्याच्या तोंडी धर्मगुरूची भाषा घालण्यात मोलिएरने 'तार्त्यूफ'च्या वेळी जे थेट बोलता आले नव्हते ते सर्व बोलून घेतले.

आर्गाँला शुद्धीवर आणण्याची खटपट दोघे जण करतात. भाऊ बेराल्द युक्तिवाद करतो आणि हरतो. तूआनेत ही मोलकरीण युक्तिवाद करीत नाही. ती नव्वद वर्षांच्या वैद्याचे सोंग घेऊन येते, प्रत्येक लक्षणाचे मूळ फुप्फुसात असल्याचे ठणकावते आणि एक हात कापून टाकण्याचा सल्ला देते. प्रेक्षक या फुप्फुसाच्या पुनरुक्तीवर हसत, आणि खुर्चीतील नटाची फुप्फुसे खरोखर निकामी होत चालली होती. एका प्रवेशात बेराल्द भावाला मोलिएरची नाटके पाहण्याचा सल्ला देतो. त्यावर आर्गाँ संतापून त्या नाटककाराला आजारपणी औषधावाचून मरू द्यावे असे म्हणतो; बेराल्दचे उत्तर असे की, उपचार सोसायला धट्टीकट्टी माणसे लागतात, मोलिएरच्या अंगी केवळ स्वतःचा रोग सोसण्यापुरतेच बळ आहे. एलोमीरच्या कर्त्याला मोलिएरने दिलेले उत्तर कोठे असेल तर ते येथे आहे. ते त्याने आर्गाँच्या शिव्याशापांत दडवून, स्वतःच्याच तोंडून स्वतःला मरणाची इच्छा बोलून दिले.

अखेर तूआनेतच्या सांगण्यावरून आर्गाँ मेल्याचे सोंग करतो. बायकोचा आनंद आणि मुलीचे रडणे तो डोळे मिटून ऐकतो. घर त्याला कळते. रोग मात्र जात नाही. म्हणून त्यालाच वैद्य करून टाकावे असे ठरते, आणि मोडक्या लॅटिनमधील पदवीदानाच्या हास्यसोहळ्याने नाटक संपते. कोणताही रोग सांगा, उमेदवाराचे उत्तर तेच : बस्ती, रक्तमोक्षण, जुलाब. नंतर शपथ. वडील वैद्यांचे मत बरे असो वा वाईट, ते मानीन, आणि रोगी मेला तरी विद्यापीठाने मान्य केलेल्यावाचून दुसरे औषध वापरणार नाही, असा तिचा आशय. विद्येचे सार आज्ञापालनात आहे, हे या शपथेत उघड होते, आणि आर्गाँ ती आनंदाने घेतो.

७

पहिला प्रयोग १० फेब्रुवारी १६७३ रोजी झाला. १७ फेब्रुवारीस, माद्‌लेनच्या मृत्यूला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, चौथा प्रयोग होता. त्या दिवशी मोलिएरची प्रकृती फार बिघडली होती. आर्माँद आणि तरुण नट बारों यांनी प्रयोग न करण्याची विनवणी केली. ग्रिमारेने १७०५ साली लिहिलेल्या चरित्रात म्हटल्याप्रमाणे, रोजंदारीवर जगणाऱ्या पन्नास कामगारांची त्या दिवसाची मजुरी बुडेल हे कारण देऊन मोलिएरने ती मानली नाही. पदवीदानाच्या सोहळ्यात शपथेचा शब्द उच्चारताना त्याला झटका आला. तो त्याने बळेच हसून झाकला, आणि प्रयोग पुरा झाला.

रिशल्य रस्त्यावरील घरी नेल्यावर खोकल्याबरोबर रक्त येऊ लागले. घरी उतरलेल्या दोन जोगिणी त्याच्याजवळ होत्या. धर्मगुरूंना बोलावणे गेले. दोघांनी येण्यास नकार दिला, तिसरा आला तोवर रात्रीच्या सुमारे दहा वाजता सर्व संपले होते. व्यवसायाचा त्याग केल्याचे त्याने लिहून दिले नव्हते, म्हणून सँ-त्युस्ताशच्या धर्मगुरूने दफन नाकारले. जेथे त्याचा बाप्तिस्मा झाला तेच हे चर्च. आर्माँदने आर्चबिशपकडे अर्ज केला आणि राजाचीही भेट घेतली. अखेर अनुमती मिळाली ती अशी : दोन धर्मगुरू, विधिपूर्वक समारंभ नाही, आणि वेळ रात्रीची. २१ फेब्रुवारी रोजी रात्री मशालींच्या उजेडात सँ-झोझेफच्या दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली.

आठवडा लोटल्यावर रंगमंदिर उघडले, आणि मार्च महिन्यात दुसरा नट आर्गाँच्या खुर्चीत बसून तेच नाटक पुन्हा चालू झाले. १६८० साली राजाज्ञेने मंडळ्या एकत्र होऊन कोमेदी-फ्रांसेझ ही संस्था निर्माण झाली. १६८२ साली मंडळीतील निष्ठावंत सहकारी ला ग्राँझ याच्या परिश्रमाने समग्र नाटके प्रसिद्ध झाली. ज्या खुर्चीत बसून आर्गाँ आपली बिले तपासी ती खुर्ची त्या संस्थेने जतन केली आहे.

८

भारतीय भाषांत मोलिएर आला तो मुख्यतः रूपांतरांच्या वाटेने. बंगालीत ज्योतिरिंद्रनाथ ठाकुरांनी त्याची प्रहसने आणली. मराठीत हरि नारायण आपट्यांनी 'मारून मुटकून वैद्यबुवा' लिहिले, आणि हिंदीत जी. पी. श्रीवास्तव यांनी 'मार-मारकर हकीम'. या दोन्हींचे मूळ लाकूडतोड्याचेच नाटक होय. एकीकडे वैद्यबुवा, दुसरीकडे हकीम. दोघांची पदवी मात्र काठीने मिळालेली. आयुर्वेद आणि युनानी या आपल्या दोन जुन्या पद्धती फ्रेंच झग्याच्या जागी इतक्या सहज बसल्या, हे या रूपांतरांच्या यशाचे एक कारण मानावे लागेल. तथापि लाकूडतोड्याच्या नाटकात विद्या खोटी असते, तर आर्गाँच्या नाटकात श्रद्धा आंधळी असते. पहिल्याचे रूपांतर करण्यास वैद्याचा वेष बदलला की पुरते. दुसऱ्यासाठी एका समाजाची भीती दुसऱ्या समाजात शोधावी लागते.

आर्गाँची संतती इतर माध्यमांतही पसरली आहे. अमेरिकेतील वॉर्नर ब्रदर्सच्या चित्रशाळेने १९५० साली काढलेला 'द हायपो-काँड्रि-कॅट' हा काही मिनिटांचा व्यंगचलच्चित्रपट हे तिचे लक्षणीय उदाहरण होय. दिग्दर्शक चक जोन्स, कथा मायकेल मॉल्टीज यांची. ह्यूबी आणि बर्टी हे दोन उंदीर क्लॉड नावाच्या प्रकृतीविषयी सदैव धास्तावलेल्या मांजराला तो आजारी असल्याचे पटवितात. मग शस्त्रक्रियेचे नाटक करतात, आणि शेवटी तो मेलाच असे त्याच्या गळी उतरवितात. पंख लावलेले मांजर फुग्याच्या आधाराने आकाशात निघून जाते आणि घर उंदरांचे होते. मोलिएरचा या चित्रपटावर प्रत्यक्ष प्रभाव होता असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु दोन्हींची रचना ताडून पाहण्यासारखी आहे. भयभीताला त्याचे भय खरे असल्याचे सांगणारा भेटला की सत्ता हस्तांतरित होते, हा सिद्धान्त दोहोंकडे समान आहे. आर्गाँ मेल्याचे सोंग घेतो आणि त्यामुळे त्याला सत्य कळते. क्लॉडला मात्र आपण मेलो हेच सत्य वाटते. उंदरांच्या कथेत तूआनेत नाही. खोट्या वैद्यांच्या घरात एक तरी सोंग धन्याच्या हितासाठी घेणारे माणूस असावे, ही मोलिएरची तरतूद तेथे नाही, आणि म्हणून त्या हास्याला एक थंड किनार आहे.

मोलिएरच्या आयुष्यातील अखेरच्या दिवसाला दैवाची थट्टा म्हणणे हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. दैवाने त्याला रोग दिला. थट्टा त्याची स्वतःची होती. आत्म्याचा त्राता, शरीराचा त्राता आणि नटाच्या प्रतिष्ठेचा त्राता असे तीन अधिकारी त्याच्यापुढे उभे होते, आणि तिघांची मागणी एकच होती : आपले शरण आल्याचे लिहून द्यावे. पोक्लँ घराण्याच्या पदावर पाणी सोडणाऱ्या तरुणाने ते १६४३ साली लिहून दिले नाही, 'तार्त्यूफ'च्या कर्त्याने १६६४ साली दिले नाही, आणि मरणाच्या रात्रीपर्यंत नटाने दिले नाही. आर्गाँने जी शपथ घेतली ती मोलिएरने रंगभूमीवर चारदा उच्चारली. आयुष्यात त्याने ती कधी घेतली नाही.